चार दिवसांचे लिस्बन

युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागल्या की मध्यमवर्गीय घरांतून एक हिशेब सुरू होतो. चौदा दिवसांत दहा देश घ्यावेत, की दहा दिवसांत सात? जितके देश जास्त तितका एकेक देश स्वस्त पडला, हा आपला बाजारहाटातला न्याय. मग बसमधून उतरायचे, मनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. सहा महिन्यांनी छायाचित्रे पाहताना 'हा पूल बुडापेस्टचा की प्रागचा?' यावरून घरात दोन तट पडतात. सहलीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र तोवर फिटलेले नसतात.

या धावपळीला एक सोपा पर्याय आहे. एकच राजधानी निवडावी, चार दिवस तिथेच मुक्काम करावा आणि त्या शहराला विचारायचा एक प्रश्न घरूनच घेऊन जावा. प्रश्न बरोबर असला की काय पाहायचे ते ठरते. आणि त्याहून अवघड असते ते, म्हणजे काय सोडायचे, तेही ठरते. सोडलेल्याची मग हळहळ वाटत नाही.

आम्ही लिस्बन निवडले. पॅरिस, रोम, लंडन सोडून युरोपच्या पार पश्चिम टोकाला कशाला जायचे, असे अनेकांनी विचारले. पण खरा प्रश्न विचारला तो सासूबाईंनी. त्यांचे माहेर वसईचे. किल्ल्याच्या पडक्या चर्चच्या भिंतींशी लपंडाव खेळत त्या वाढल्या. जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चिमाजीअप्पांनी ज्यांना वसईतून घालवलं, त्यांच्या गावी आपण पैसे खर्चून कशाला जायचं ग?"

लेकीने हसून विषय बदलला. मला मात्र हाच तो प्रश्न वाटला. ज्या शहरातून निघालेली जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली, वसई, चौल, मुंबई आणि गोव्याचा इतिहास ज्यांनी बदलला, ते शहर त्या साऱ्याची आठवण कशी ठेवते? काय मिरवते आणि काय झाकते? आमचे चारही दिवस या एका प्रश्नाभोवती आखले गेले.

निघण्यापूर्वी

आधी व्यवहाराचे बोलू. पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच उशिराची मिळते, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवावेत. मोठ्या माणसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. मधल्या शहरात विमान बदलायचे असेल तर त्यासाठी वेळ जास्त ठेवावा.

ऋतू निवडावा तो एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. नोव्हेंबरपासून पाऊस, तर जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. जूनच्या १२ तारखेच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो; गल्लोगल्ली तारली भाजतात आणि लोक पहाटेपर्यंत नाचतात. मजा आहे, पण झोप नाही. उन्हाळ्यात लिस्बनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. म्हणून पहिले दोन दिवस आपल्याला पहाटे चार वाजताच जाग येते. तिचा उपयोग करावा; सकाळी सातचे लिस्बन फार सुंदर असते.

लिस्बन हे टेकड्यांचे गाव. सात टेकड्या म्हणायची पद्धत आहे, पण गुडघ्यांना त्या सतरा वाटतात. पदपथांवर चुनखडीचे पांढरे आणि बेसाल्टचे काळे लहान चौकोनी दगड बसवून नक्षी केलेली असते. दिसायला रांगोळी, पण पावसात अक्षरशः साबण. रबरी तळव्यांचे बूट न्यावेत, सपाता नकोत. राहायला आल्फामाची जुनी गल्ली कितीही मोहक वाटली, तरी तिथे सामान घेऊन जिने चढावे लागतात आणि लिफ्ट क्वचितच असते. आम्ही बाइशा या सपाट भागात खोल्या घेतल्या. भुयारी रेल्वे, नदी, ट्राम आणि लोकल गाडी सारेच तिथून पायी गाठता येते. विमानतळही गावातच असल्यासारखा आहे. २०१२ पासून भुयारी रेल्वे थेट तिथपर्यंत जाते. खोलीच्या भाड्यावर महापालिकेचा माणशी दर रात्रीचा ४ युरो कर वेगळा पडतो, तो हिशेबात धरावा.

चढ टाळायला रुळांवरचे जुने पाळणे आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ३ सप्टेंबर २०२५ रोजी 'ग्लोरिया' या १८८५ साली सुरू झालेल्या पाळण्याचा दोर तुटून १६ जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर गावातले इतर पाळणेही तपासणीसाठी थांबवण्यात आले. काय चालू आहे आणि काय बंद, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. पिवळी २८ क्रमांकाची ट्राम प्रसिद्ध आहे आणि तिच्यातले खिसेकापूही. सकाळी आठच्या आत बसलात तर बसायला जागा मिळते आणि पाकीटही शाबूत राहते.

पहिला दिवस : कोसळलेले आणि उभे राहिलेले

पहिला दिवस बाइशाचा. नदीकाठच्या प्रशस्त चौकाचे अधिकृत नाव 'प्रासा दो कोमेर्सियो', म्हणजे व्यापार चौक. पण जुने लिस्बनकर अजून 'तेर्रेरू दो पासो', म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात. राजवाडा कुठे आहे? कुठेच नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्वसंतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या पुढे भूकंप झाला. सणामुळे चर्च माणसांनी भरलेली होती आणि वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. छपरे कोसळली, आगी लागल्या. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर नदीतून समुद्राच्या लाटा आत आल्या. आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. बळींचा आकडा नेमका कोणीच सांगू शकत नाही. हजारोंच्या संख्येत माणसे गेली, एवढे खरे.

त्या राजवाड्याबरोबर 'काझा दा इंदिया'ही गेली. पूर्वेकडून येणाऱ्या मिरी, दालचिनी, कापडाचा हिशेब ठेवणारी, जहाजे धाडणारी ही कचेरी. तिची दप्तरे जळाली. राजाचे मुख्य दफ्तर मात्र वाचले, कारण ऐंशीच्या घरातल्या मानुएल दा माइया या अभियंत्याने पडलेल्या बुरुजाखालून कागद बाहेर काढवले. लिस्बन आणि गोवा यांच्यातल्या पत्रव्यवहाराच्या जुन्या बाडांना आजही 'मोसमाची पुस्तके' म्हणतात. मोसमी वाऱ्यावर वर्षातून एकदा जहाज यायचे, पत्रे आणायचे. म्हणून हे नाव. आपला पाऊस परक्या सरकारच्या दप्तरावर असा लिहिला गेला आहे.

शहर पुन्हा उभे केले ते पंतप्रधान मार्केस द पोंबाल याने. सरळ रस्ते, एका उंचीची घरे, आणि प्रत्येक भिंतीच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. भूकंपात लाकूड वाकेल पण मोडणार नाही, ही कल्पना. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. भूज आणि किल्लारी पाहिलेल्या आपल्या पिढीला या पिंजऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको. दोन तास या रस्त्यांवरून नुसते चालावे, मग चढ चढून कार्मोच्या मठात जावे. तिथले चर्च मुद्दाम तसेच बिनछपराचे ठेवले आहे. दगडी कमानी आभाळाला भिडलेल्या, आणि मधे गवत.

त्या कमानींखाली सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. "अगदी आमच्या वसईसारखं," एवढेच म्हणाल्या. वसईचे चर्च लढाईने आणि दुर्लक्षाने पडले, हे भूकंपाने. पण अवशेष एकमेकांच्या नात्यातले दिसतात, हे खरे.

दुसरा दिवस : बेलेम

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर १५ क्रमांकाच्या ट्रामने बेलेमला जावे. मात्र तो सोमवार नसावा. सोमवारी मठ बंद असतो. तिकिटे घरूनच वेळेसह काढून ठेवावीत. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, आतल्या सज्जेदार चौकाला तिकीट आहे. पैसे मोजावे असाच तो चौक आहे. खांबांवर दोरखंड, पोवळी, शंख, समुद्रातली वनस्पती कोरलेली. जणू जहाजच दगडाचे झाले आहे.

हा मठ राजा मानुएल याने १५०१च्या सुमारास बांधायला घेतला. खर्च भागवला तो मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे या नाजूक कमानींत आपल्या मलबारची मिरी आहे. चर्चच्या दारातून आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी लुईस द कामोंइश याची कबर दिसते. गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, हे आपण शाळेत पाठ केले. १५०२च्या दुसऱ्या फेरीत त्याने हज यात्रेहून परतणारे जहाज शेकडो प्रवाशांसह जाळले, हे पाठ्यपुस्तकात नव्हते. तो वारला १५२४ साली कोचीत. आपल्या मातीतून त्याच्या अस्थी पोर्तुगालला गेल्या आणि १८८० साली या चर्चमध्ये आल्या. कामोंइश गोव्यात राहून गेला. त्याचे महाकाव्य १५७२ साली छापले गेले, त्याचा नायक गामाच.

कबरीवर हात जोडून निजलेली संगमरवरी आकृती आहे. लोक छायाचित्रे काढत होते. लेकीने विचारले, "आजी, नमस्कार करायचा का?" सासूबाई म्हणाल्या, "कबरीशी वैर नसतं. पण नमस्कारही नको. बघितलं, झालं." माझ्या चार पानी टिपणांपेक्षा हे उत्तर मला सरस वाटले.

मठासमोर, रस्ता ओलांडून नदीकाठी, शोधयात्रांचे प्रचंड स्मारक आहे. जहाजाच्या नाळेसारखा आकार आणि त्यावर चढत जाणाऱ्या मूर्ती : पुढे राजपुत्र हेन्री, मागे गामा, आल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर. १९४० सालच्या प्रदर्शनासाठी ते आधी तात्पुरते उभारले होते. सालाझारच्या राजवटीत १९६० साली ते दगड-काँक्रीटमध्ये पक्के झाले. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. साम्राज्याचे स्मारक पक्के होत होते तेव्हा साम्राज्य सुटत होते. समोरच्या फरशीवर जगाचा नकाशा आहे आणि त्यावर पोर्तुगीज कुठे कधी 'पोहोचले' त्या साली कोरल्या आहेत. ते पोहोचले तेव्हा तिथे कोण राहत होते, हे फरशीला ठाऊक नाही. मुलांना बरोबर नेले असेल, तर इतिहासाचा उत्तम धडा या फरशीवर उभे राहून देता येतो.

आणखी थोडे पुढे बेलेमचा बुरूज. २०२५च्या एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी बंद केला होता, म्हणून आधी चौकशी करावी; पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बाहेरच आहे. एका टेहळणी-घुमटीच्या तळाशी गेंड्याचे झिजलेले डोके कोरले आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणत, आपलाच शब्द. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला. पुढे हा गेंडा पोपला नजर म्हणून पाठवला आणि १५१६च्या आरंभी इटलीजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने गेंडा न पाहता, ऐकीव वर्णनावरून काढलेले त्याचे चित्र मात्र जगभर गेले. पूर्वेबद्दल युरोपने बाळगलेल्या पुष्कळ कल्पनांची जातकुळी हीच.

बेलेममध्ये १८३७ पासून चालणारे अंड्याच्या कस्टर्डच्या टार्टचे दुकान आहे. रांग लांब असते, पण सरकते. टार्टवर दालचिनीची पूड भुरभुरून देतात. खाताना ती दालचिनी कुठून आली, हे लेकीने न विचारता सांगितले. धागा धरला गेला होता.

तिसरा दिवस : मुंबईच्या आंदणाची मालकीण

तिसरा दिवस टेकडीवरचा. २८ च्या ट्रामने वर चढावे आणि उतरताना चालत यावे, हा गुडघ्यांचा नियम. किल्ल्याबाहेरच्या सज्जांवरून खाली लाल कौले आणि पलीकडे समुद्रासारखी रुंद तेजू नदी दिसते. बहुतेक लोक इथून आल्फामाच्या गल्ल्यांत उतरतात. आम्ही आधी सांव व्हिसेंत द फोरा या मठात गेलो. इथे ब्रागांझा घराण्याच्या राजा-राण्यांच्या शवपेट्या ठेवल्या आहेत. त्यांतली एक कॅथरिनची.

इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार १६६१ साली झाला. त्या करारात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले. १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कॅथरिनने मुंबई कधी पाहिली नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती लिस्बनला परतली आणि १७०५ साली इथेच वारली. चर्चगेटच्या लोकलमध्ये रोज लोंबकळणाऱ्या माणसाने त्या दालनात उभे राहून पाहावे. ज्या शहरावर आपण 'आमची मुंबई' म्हणून हक्क सांगतो, ते एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या आंदणाच्या यादीतली एक नोंद होते. त्या बेटावरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, आगरी लोकांना कोणी विचारले नव्हते. आणि खरे तर त्या मुलीलाही नाही.

उतरताना रोसियो चौक. तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले आणि १८१२ साली बंद पडलेले धर्मन्यायपीठ ही याच वृक्षाची फांदी. शेजारच्या सांव दोमिंगुशच्या चर्चपाशी १५०६ साली धर्म बदलायला लावलेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली. २००८ साली तिथे त्या बळींचे साधे स्मारक उभारले गेले. चर्चच्या आत १९५९च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. बेलेमचे भव्य स्मारक पाहिलेल्याने हे ठेंगणे स्मारकही पाहिले पाहिजे. नाहीतर हिशेब एकतर्फी राहतो.

इथून पाच मिनिटांवर मोरारिया. ११४७ साली पहिला राजा आफोंसो याने लिस्बन मुसलमानांकडून जिंकले, तेव्हा मागे राहिलेल्यांना या भागात राहू दिले. 'फादु' हे विरहाचे गाणे इथल्याच गल्ल्यांत रुजले. युनेस्कोने २०११ साली त्याला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतले. आज मार्तिम मोनिश चौकाच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकाने दाटीने उभी आहेत. तूरडाळ, कोथिंबीर, हिरवी मिरची सारे मिळते. तीन दिवसांनी आमटी-भात मिळाल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसली ती कस्टर्डने आली नव्हती.

जेवणाचे दोन शब्द. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहाऱ्यांना भाज्यांचे सूप, चीज, पाव, ऑलिव्ह आणि फळांवर सुखाने राहता येते. मात्र कोबीच्या प्रसिद्ध सूपमध्ये सॉसेजची चकती असते, ती आधीच नको म्हणून सांगावी. टेबलावर न मागता ठेवलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. खाल्ले तर पैसे लागतात. नको असेल तर हसून परत करावे, कोणी रागावत नाही.

आणि कान उघडे ठेवावेत. बेकरीत 'पांव' म्हणतात, किल्ल्या करून देणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्ह' लिहिलेले असते, म्हणजे आपली चावी. पिंप, घमेले, लिलाव, मेस्त्री, पगार, बटाटा, काजू, अननस, हापूस हे सारे याच बंदरातून सुटलेले शब्द. तुरुंगसुद्धा. मिरी न्यायला आलेली माणसे मिरची देऊन गेली, आणि ती आपण इतकी आपली केली की आज ठेचा परका आहे असे कोणी म्हणायला धजणार नाही.

चौथा दिवस : गाडी न थांबणारे स्थानक

चौथ्या दिवसाचा वाद प्रत्येक घरात होतो. सिंत्राचे रंगीत राजवाडे, की काश्काइशचा समुद्रकिनारा? सिंत्रा सुंदर आहे, पण चढ, रांगा आणि बसची वाट पाहणे यात दिवस जातो. तिथेच एका बागेत, पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रु याने आणवलेला सोमनाथचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे. पण ती जागा खासगी, सहज पाहता येत नाही. घारापुरीच्या लेण्यातलाही एक शिलालेख असाच राजाकडे पाठवला गेला, अशी नोंद दियोगु दु कोउतु या इतिहासकाराने केली आहे. राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, कोणालाच वाचता आला नाही. पुढे तो दगडच हरवला. घारापुरीची लेणी कोणी कोरली, याचे लेखी उत्तर कदाचित त्यावर होते.

आम्ही काश्काइशची लोकल घेतली. काइश दो सोद्रे स्थानकातून ती सुटते आणि नदी, मग समुद्र, असा काठाकाठाने जाते. खिडकी डावीकडची पकडावी. वाटेत काशियास नावाचे लहान स्थानक लागते. जलद गाड्या तिथे थांबतही नाहीत. पर्यटकांच्या पुस्तकात त्याचे नाव नसते. मराठी माणसाने मात्र तिथे खिडकीतून वर टेकडीकडे पाहावे. काशियासच्या किल्ल्यात सालाझारच्या राजवटीचे राजकीय कैदी ठेवले जात. सांगलीचा एक तरुण गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेला, मुक्तिलढ्यात उतरला आणि १९५५ साली जखमी अवस्थेत पकडला गेला. ते मोहन रानडे. गोवा १९६१ साली सुटला; रानडे मात्र या किल्ल्यात होते. त्यांची सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या खटपटीत सुधीर फडके पुढे होते. त्या दिवसांत शाळकरी असलेल्या सासूबाईंना घरातल्या मोठ्यांची चर्चा आठवत होती. गाडी काशियासहून सुटेपर्यंत त्या खिडकीशी उभ्याच राहिल्या. डब्यातली पोरे समुद्रावर जायच्या आनंदात होती. त्यांना ही आजी काय पाहते आहे ते कळण्याचे कारण नव्हते.

पण त्या पोरांच्या आजोबांपैकीही कोणी त्या किल्ल्यात असेल. २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी ती हुकूमशाही उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडी कार्नेशनची फुले खोवली, आणि एक-दोन दिवसांतच काशियासचे दरवाजे उघडले. सालाझारचा वारस काएतानो शरण आला तो पहिल्या दिवशी पाहिलेल्या कार्मोच्या मठालगतच्या बराकीत. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. आपल्यावर ज्यांनी राज्य केले त्यांच्यातलेच पुष्कळ लोक त्याच तुरुंगात खितपत होते, हे कळायला मला त्या लोकलचा प्रवास करावा लागला. पुढे २०१५ ते २०२४ त्या देशाचे पंतप्रधान होते आंतोनियो कोस्ता. त्यांच्या वडिलांकडचे घर मडगावचे.

परतीच्या विमानात मी सासूबाईंना त्यांच्याच प्रश्नाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "गेलो ते बरं झालं. आता त्यांच्यावर रागवायचं तर नीट माहिती काढून रागावता येईल."

सुटून गेलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. गुल्बेंकियानचे संग्रहालय, रंगीत फरशांचे संग्रहालय, सिंत्रा, सारेच राहिले. त्याची खंत नाही. मात्र जे जाणार असतील त्यांना एक सुचवावेसे वाटते. व्हिसाचा अर्ज भरल्यावर निकाल येईपर्यंत काही आठवडे हाती असतात. त्यातल्या एका रविवारी विरारची गाडी पकडून वसईला उतरावे, रिक्षाने किल्ल्यात जावे. समुद्राकडचा दरवाजा, पडकी चर्च, फरशीत बसवलेल्या पोर्तुगीज अक्षरांच्या कबरी पाहाव्यात आणि जवळच चिमाजीअप्पांचे स्मारकही पाहावे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे त्या भिंतींत आहेत. येताना पाव आणि सुकेळी घेऊन यावे. चार दिवसांच्या लिस्बनचा पहिला दिवस तिथे असतो, आणि त्याला व्हिसा लागत नाही.